नाटक थांबविण्याचा हक्क



रस्त्यावरच्या नाटकावर बोलायला कामगार संघटनेचा कार्यकर्ता कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. नाटकावर नाटककाराने बोलावे आणि युनियनवाल्याने बोनसवर बोलावे, अशी आपली रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियन ऑफिसातल्या पुस्तकांच्या कपाटापुढे आणि कारखान्यांच्या फाटकांपुढे झाले. तेव्हा नाट्यशास्त्राचा अधिकार मजपाशी नाही. परंतु न बोलणाऱ्या माणसाला बोलते कसे करावे, हा माझ्या कामाचा रोजचा प्रश्न आहे. आणि रस्त्यावरच्या नाटकाचाही मुळात तोच प्रश्न आहे. ह्या एका धाग्याला धरून मी आज चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पथनाट्याचे मी माझ्या सोयीसाठी दोन प्रकार करतो. एक सांगणारे आणि दुसरे विचारणारे. सांगणाऱ्या नाटकात उत्तर आधीच ठरलेले असते. नट ते आपल्या खिशात घेऊन चौकात येतात आणि शेवटी बाहेर काढून दाखवितात. विचारणाऱ्या नाटकात गोष्ट अडचणीच्या जागी आणून सोडतात. मग बघणाऱ्याला हक्क असतो की त्याने नाटक थांबवावे, मांडात शिरावे, नायकाच्या जागी उभे राहावे आणि गोष्ट वळते का ते स्वतः करून पाहावे. हा दुसरा प्रकार आपल्याकडे कमी पाहावयास मिळतो. तो का करावा आणि कसा करावा, हे समजावून सांगणे हा माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

पहिली गोष्ट अशी की, नट आणि प्रेक्षक ह्यांच्यातली भिंत आपल्या मातीत कधी फार उंच नव्हती. तमाशाच्या वगाला पूर्वी पक्की संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि बोलणे जागच्या जागी उभे राही. समोरच्या कुणी टोमणा मारला तर सोंगाड्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावयाचे, आणि ते जमले नाही तर त्याची पत गेली! वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' ह्या १९६५ सालच्या वगनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर जी हजरजबाबी फिरकी घेत, ती ह्याच परंपरेतली. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी चळवळीने जलशाचा उपयोग लोकांना जागे करण्यासाठी केला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४०च्या दशकात तोच साचा घेऊन गिरणगावातल्या कामगाराला त्याची स्वतःची गोष्ट दाखविली. ह्या सर्वांत बघणाऱ्याला टाळी होती, शिट्टी होती, टोमणाही होता. उठून नायकाच्या जागी उभे राहण्याची मुभा मात्र नव्हती.

सांगणारे नाटक काय करू शकते ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिल्लीच्या 'जन नाट्य मंचा'चे 'मशीन'. ही मंडळी १९७३ सालापासून काम करीत होती. पण मोठी नाटके नेण्याचा खर्च युनियनांना झेपेना, तेव्हा त्यांनी १९७८ साली लहान नाटक उभे केले. दिल्लीजवळच्या एका कारखान्यातले कामगार दोन साध्या गोष्टी मागत होते : सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी कँटीन. मागणी नाकारली गेली, रखवालदारांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मेले. ह्या घटनेवरून जेमतेम तेरा मिनिटांचे नाटक झाले. त्यात पडदा नव्हता, नेपथ्य नव्हते. नटांनी आपल्या शरीरांचेच यंत्र केले. हात चाकासारखे फिरत, तोंडाने आवाज निघत, आणि मग ते यंत्र अचानक बंद पडे. यंत्र कोण चालवितो हे समजावयाला भाषण लागत नव्हते. नोव्हेंबर १९७८ मध्ये दिल्लीत हजारो कामगारांपुढे ते झाले आणि पुढे अनेक भाषांत गेले.

ह्याच मंडळींवर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर ह्या कामगार वस्तीत 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार ठार झाला आणि सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले. त्यांचे वय अवघे चौतीस होते. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि बाकीचे नट त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. रस्त्यावर नाटक करणे हा हौसेचा मामला नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे. सफदर ह्यांचा जन्मदिवस, १२ एप्रिल, हा आज पथनाट्य दिन म्हणून पाळला जातो.

तेव्हा सांगणाऱ्या नाटकाला मी कमी लेखीत नाही. संप ठरला आहे, मागण्या पक्क्या झाल्या आहेत, आणि त्या गावभर पोहोचवावयाच्या आहेत, अशा वेळी सांगणारे नाटकच हवे. पण जिथे माणसाला आपला प्रश्न मांडण्याचेच भय वाटते, तिथे त्याला आणखी एक सांगणारा भेटून काय उपयोग? त्याला सांगणारे घरी, दारी आणि कारखान्यात पुष्कळ असतात.

बादल सरकार हे बंगाली नाटककार पेशाने नगररचनेचे काम करणारे. रंगमंचावर नाव झाल्यावर त्यांनी रंगमंच सोडला. उजेडात नट आणि अंधारात प्रेक्षक ही व्यवस्थाच त्यांना खोटी वाटू लागली. त्यांच्या १९७४ सालच्या 'मिछिल', म्हणजे 'मिरवणूक', ह्या नाटकात नट प्रेक्षकांच्या मधूनच फिरतात. नाटकाला थोडे पैसे, थोडे सामान आणि पुष्कळ माणसे पुरतात, हे त्यांनी आपल्या 'तिसऱ्या रंगभूमी'ने दाखवून दिले. अंतर कमी झाले, परंतु गोष्ट अजून नटांच्याच हातात राहिली.

ती हातातून सोडण्याचे काम ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल ह्यांनी केले. त्यांचा जन्म १९३१ सालचा. शिक्षण रसायनाचे, न्यूयॉर्कमध्ये झालेले, ओढ नाटकाची. १९५६ पासून ते साओ पावलो शहरातल्या 'अरेना' नाट्यगृहात दिग्दर्शक होते. त्यांनी स्वतःच सांगितलेली एक हकिकत फार बोलकी आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात ते शेतकऱ्यांपुढे नाटक करीत. शेवटी नट बंदुका उंचावून गात की, जमिनीसाठी रक्त सांडू या. एकदा व्हिर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला, आमच्या जमिनी जमीनदाराच्या माणसांनी बळकावल्या आहेत, तुम्ही बंदुका घेऊन आलाच आहात, तर चला आमच्याबरोबर. नटांनी कबूल केले की बंदुका लाकडी आहेत. शेतकरी म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत. मग नटांना सांगावे लागले की आम्ही शेतकरी नाही, कलावंत आहोत. तेव्हा तो शेतकरी समजला की हे लोक रक्त सांडावयाचे म्हणत होते ते आमचे, स्वतःचे नव्हे.

मंडळी, ही गोष्ट नटांनी ऐकावी तशी पुढाऱ्यांनीही ऐकावी. ज्या उत्तराची किंमत आपण मोजणार नाही, ते उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

बोआल ह्यांना १९७१ साली लष्करी राजवटीने अटक केली, त्यांचा छळ झाला आणि त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये ते पेरू देशात साक्षरतेच्या मोहिमेवर असताना पुढची पायरी सापडली. एका बाईला नवऱ्याने कागदांचे एक पुडके महत्त्वाचे म्हणून जपून ठेवायला दिले होते. तिला वाचता येत नव्हते. दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावर कळले की ती त्याच्या प्रेयसीची पत्रे आहेत. आता नवरा घरी आला की काय करावे, हा प्रश्न नाटकात मांडला गेला. प्रेक्षक सुचवीत आणि नट तसे करून दाखवीत. एक धिप्पाड बाई मात्र दर वेळी चिडे : मी सांगते तसे तुम्ही करीतच नाही! शेवटी बोआल म्हणाले, बाई, तुम्हीच येऊन दाखवा. तिने केरसुणी घेतली, नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला यथेच्छ बडविले आणि मग त्याला माफ करून जेवायला वाढावयास सांगितले. 'स्पष्ट बोलावे' ह्या तिच्या शब्दांचा अर्थ हा होता, आणि तो दुसऱ्या कुणाला करून दाखविता आला नसता. तेथून बोआल ह्यांनी बघणाऱ्यालाच मांडात बोलावण्याची रीत घातली. हिला ते 'फोरम थिएटर' म्हणत. आपण तिला पंचायतीचे नाटक म्हणू.

आता हे नाटक करावयाचे कसे, ते आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका उदाहरणावरून सांगतो. लहान कारखान्यांत पत्रा कापण्याच्या आणि दाबण्याच्या पॉवर प्रेस असतात. हात डायखाली असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून तिला सेन्सर असतो, किंवा दोन्ही हातांनी दाबावयाची दोन बटणे असतात. यंत्राला असे संरक्षण ठेवणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पण सेन्सर चालू असला की तासाला नग कमी निघतात. मग सुपरवायझर म्हणतो, "बंद करून चालव." ठेकेदाराचा पोरगा चालवितो आणि एखाद्या पाळीला बोट जाते. ईएसआयचे कार्ड अपघातानंतर घाईने काढलेले मी पाहिले आहे. आता ह्या विषयावर 'सुरक्षा पाळा' असे सांगणारे नाटक केले, तर ते कुणाला सांगावयाचे? सेन्सर बंद करू नये हे त्या पोराला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की, साहेब समोर उभा असताना 'नाही' कसे म्हणावे आणि उद्या कामावर कसे टिकावे.

पहिली पायरी म्हणजे गोष्ट गोळा करणे. लिहावयास बसू नये. ज्यांच्यावर बेतली आहे अशा पाचसहा जणांना संध्याकाळी एकत्र बसवावे आणि काय झाले, कोण कुठे उभे होते, कोण काय बोलले हे विचारावे. बोलायला जड जात असेल तर त्यांना म्हणावे, एकमेकांना उभे करून त्या क्षणाचे चित्र करा. एकजण यंत्र, एकजण सुपरवायझर, एकजण शेजारचा कामगार. पुष्कळदा तोंडाने न निघालेली गोष्ट ह्या चित्रात दिसते. आमच्याकडे एकाने शेजारच्या कामगाराला पाठमोरे उभे केले; त्या एका पाठीत सगळा प्रश्न होता.

दुसरी पायरी गोष्ट बांधण्याची. नाटक पंधरा मिनिटांहून मोठे नको. नायकाला काय हवे आहे ते स्वच्छ दिसावे : त्याला हात शाबूत ठेवावयाचे आहेत आणि काम टिकवावयाचे आहे. गोष्टीत दोनतीन जागा अशा असाव्यात, जिथे तो निराळे वागू शकला असता : सुपरवायझर पहिल्यांदा सांगतो ती, शेजारी मान फिरवितो ती, रात्री घरी बायको विचारते ती. आणि शेवट हरण्याचा हवा. नायक जिंकला तर प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. हरला तर त्याला चुटपूट लागते, आणि ह्या नाटकाचे सगळे भांडवल ती चुटपूट आहे. मात्र हार अटळ दिसता कामा नये. डोक्यावर वीज पडून मेलेल्या माणसाची गोष्ट पंचायतीला घालून काही निष्पन्न होत नाही.

तिसरी पायरी सूत्रधाराची. बोआल ह्याला पत्त्यांतला जोकर म्हणत, कारण तो कोणत्याच रंगाचा नसतो. नाटक एकदा पूर्ण झाले की तो लोकांना विचारतो, असे कुठे घडते का? मग म्हणतो, आता हेच पुन्हा दाखवू. जिथे नायक चुकतो असे वाटेल, तिथे 'थांबा' म्हणा आणि त्याच्या जागी या. उत्तर बरे की वाईट हे सूत्रधाराने सांगावयाचे नाही. त्याने फक्त विचारावयाचे : हे जमेल का? उद्या काय होईल?

चौथी गोष्ट नियमांची. बघणाऱ्याने दडपल्या जाणाऱ्या माणसाची किंवा त्याच्या बाजूने उभे राहू शकणाऱ्याची जागा घ्यावी, सुपरवायझरची नको. सुपरवायझरला एकदम दयाळू केले की प्रश्न नाटकात सुटतो आणि कारखान्यात तसाच राहतो. उलट सुपरवायझर करणाऱ्या नटाने खऱ्यासारखेच डाव टाकावेत. पण नवख्या माणसाची टर उडवू नये. जादूही चालत नाही. लॉटरी लागली, मंत्री अचानक आला, असले उत्तर निघाले की लोकच ओरडतात, "हे खोटं!"

आता काय घडते ते पाहा. एका वस्तीत पहिला तरुण आला आणि त्याने सुपरवायझरवर आवाज चढविला. सुपरवायझरने त्याला शांतपणे गेटबाहेर काढले आणि नाक्यावरून दुसरा पोरगा आणला. लोक गप्प झाले. दुसरा आला आणि म्हणाला, "साहेब, सेन्सर बंद करा असं लिहून द्या, मी चालवतो." सुपरवायझर हसला, पण क्षणभर थबकला. लोकांनी तो क्षण हेरला. मग पॅकिंगमध्ये काम करणारी एक मावशी उठली. ती सुपरवायझरकडे गेलीच नाही. ती त्या पाठमोऱ्या कामगाराकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, ह्याचं बोट गेलं तर उद्या ह्या मशीनवर तुलाच उभं करतील." तो वळला. नाटकात एवढेच झाले. पण पुढचा अर्धा तास मांडाच्या कडेला चर्चा चालली होती ती हीच, की एकट्याने 'नाही' म्हणण्याऐवजी सगळ्या लाइनने एकदम लेखी हुकूम मागितला तर काय होईल.

ह्यातले कोणतेही उत्तर रामबाण नव्हते, आणि तसे ते असावयास नको. नाटकाने पगार वाढत नाही आणि गेलेले बोट परत येत नाही. हे नाटक तालीम आहे. पहिलवान जसा कुस्तीआधी जोर करतो, तसा माणूस इथे बोलण्याचा जोर करतो. ज्याने एकदा चारचौघांत, खोट्या सुपरवायझरपुढे का होईना, तोंड उघडले, त्याला खऱ्यापुढे पहिला शब्द शोधावा लागत नाही. युनियनची सभा श्रोता तयार करते; संघटनेला सभासद हवा असेल तर श्रोत्याला कधीतरी मांडात उतरावे लागेल.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. कार्यकर्ते म्हणतात, शेवट लोकांवर सोडला तर ते भलतेच ठरवतील. ठरवू द्या. एखाद्या गावी बघणारा उठून म्हणेल की ह्या नाटकातला युनियनवालाच वेळेवर आला नाही, त्याची जागा मी घेतो. हे ऐकावयाला आपल्याला कडू लागेल, पण गेटवरून मोर्चा निघण्याआधी ते कळलेले बरे. दुसरा आक्षेप रसिकांचा : ह्यात कला कुठे आहे? त्यांना माझी विनंती आहे की, एकदा सुपरवायझरचे काम करून पाहावे. पुढचा माणूस काय बोलेल हे माहीत नसताना खरे वाटेल असे उत्तर देणे, ह्याला सोंगाड्याचीच तयारी लागते.

तिसरा धोका मात्र खरा आहे, आणि तो कुणी फारसा बोलून दाखवीत नाही. मांडात उतरलेला माणूस उघडा पडतो. ठेकेदाराचा एखादा माणूस गर्दीत असतोच, आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. म्हणून काही पथ्ये पाळावीत. असे नाटक गेटवर न करता वस्तीत करावे. कारखान्याचे आणि माणसांचे खरे नाव घेऊ नये. चित्रण करू नये, आणि ते आधीच जाहीर सांगावे. सेन्सरची गोष्ट पत्रा दाबणाऱ्यांपुढे करताना वाटल्यास ती उसाच्या चरकावर न्यावी. लोक बरोबर समजतात. मांडात न येणाऱ्याला ओढू नये. जागेवरून सुचविणे हाही सहभागच आहे. नाटकाने दिलेले धैर्य दुसऱ्याच्या नोकरीच्या जिवावर नसावे. व्हिर्जिलिओचा प्रश्न इथेही आपल्यापुढे उभा आहे.

शेवटी, निघालेली उत्तरे वाऱ्यावर सोडू नयेत. बोआल परत मायदेशी गेल्यावर १९९३ ते १९९६ ह्या काळात रिओ शहराच्या नगरपालिकेत सभासद होते. वस्त्यावस्त्यांतून अशी नाटके करून लोकांनी सुचविलेल्या उपायांतून त्यांनी कायद्यांचे मसुदे तयार केले आणि त्यांतले तेरा कायदे मंजूर झाले. आपल्या देशात पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागात संजय गांगुली ह्यांनी १९८५ साली सुरू केलेली 'जन संस्कृती' ही संस्था खेड्यांतल्या शेतमजूर स्त्रीपुरुषांना घेऊन हेच काम करीत आली आहे. हुंडा, दारूचे गुत्ते, मजुरी असे त्यांचे विषय आहेत. बाहेरून आलेले नट त्यांत नाहीत. शेतावर राबणारी माणसेच संध्याकाळी नट होतात. आपणही एक वही ठेवावी. कोणत्या वस्तीत कोणते उत्तर निघाले, लोकांनी ते का नाकारले किंवा का उचलले, हे त्यात लिहावे, आणि मागण्यांची सनद करावयास बसताना ती वही टेबलावर असावी.

ह्याला खर्च काय? सहा माणसे, एक रिकामी जागा आणि उघडा गळा. लाउडस्पीकर नको, कारण तो असला की बोलणारा एकच उरतो. आपल्यापैकी कुणी शिक्षक असतील, कुणी महिला मंडळात असतील, कुणी सहकारी सोसायटीत. प्रश्न सगळीकडे आहेत आणि मान फिरविणारा शेजारीही सगळीकडे आहे. एखादी गोष्ट निवडा, ती हरण्यापर्यंत नेऊन दाखवा, आणि मग बाजूला सरून लोकांना विचारा, "आता तुम्ही काय केलं असतं?" पहिली पाच मिनिटे कुणी उठणार नाही. त्या पाच मिनिटांत घाबरून स्वतः उत्तर देऊ नका. कुणीतरी उठतेच.

 आज मी एकट्यानेच बोललो, तेव्हा आता माझ्या ह्या म्हणण्यात कुठे 'थांबा' म्हणावयाचे असेल, तर तो हक्क आपला आहे.